लग्नाची तारीख आणि उन्हाळा



लग्न ठरले की आपण आधी हॉल पाहतो आणि मग धर्मगुरूंकडे जातो. क्रम उलटा हवा. आगमनकाळात व उपवासकाळात आपण सहसा लग्ने ठेवत नाही. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला व ईस्टर २८ मार्चला आहे. नाताळ ते फेब्रुवारीचा आरंभ हे थंडीचे दिवस हुकले, की लग्न एप्रिल-मेवर जाते.

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, परगावचे नातलग येतात. म्हणून तो सोयीचा वाटतो. पण आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात, उघड्यावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, हे आपण विसरू नये.

मे टाळता येत नसेल, तर लग्नाची मिस्सा सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवावी. फोटोंसाठी पाहुण्यांना उन्हात ताटकळत ठेवू नये. मंडपाच्या बाजू मोकळ्या असाव्यात. दारातच पाणी व कोकम सरबत ठेवावे. वृद्धांना पंख्याजवळ बसवावे. कोणाला भोवळ आली, बोलणे असंबद्ध झाले, तर सावलीत नेऊन अंग ओल्या कपड्याने पुसत राहावे व लगेच १०८ ला फोन करावा.

काना गावच्या लग्नात यजमानांची अडचण पवित्र मरियेच्या ध्यानात आली. तीच नजर आपण पाहुण्यांसाठी ठेवू या.