होरेबच्या गुहेंतील धडा

वाचन : १ राजे १९:१–२१. मुखपाठ : स्तोत्र ४६:१०.



कांहीं वर्षांपूर्वीं एक उपदेशक सायंकाळीं माझ्या ओसरीवर येऊन बसला. सकाळपासून तो तीन वस्त्या फिरून आला होता. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "पाळकसाहेब, मी रोज दुसऱ्यांसाठीं प्रार्थना करितों, पण माझें स्वतःचें देवाशीं बोलणें केव्हां बंद पडलें, तें मला कळलेंहि नाहीं. आतां हें काम दुसऱ्या कोणाला द्यावें." मला उत्तर सुचेना, कारण त्या दिवसांत माझी स्थिति त्याच्याहून निराळी नव्हती. आम्हीं दिवा लावून हाच अध्याय वाचिला. त्यांतून जें मिळालें तें येथें देतों.

१. थकवा हें पाप नव्हे. एलीया दुबळा नव्हता. कर्मेल डोंगरावर तो बआलाच्या ४५० संदेष्ट्यांपुढें एकटा उभा राहिला होता. परंतु ईजबेल राणीची एक धमकी येतांच तो जीव घेऊन पळाला. बैरशेबा येथें सेवकाला ठेवून तो एक दिवसाची वाट रानांत गेला आणि एका झुडपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. देवानें त्याला दटाविलें काय? नाहीं. देवदूतानें त्याला उपदेश केला नाहीं. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी त्याच्या उशाशीं ठेविलें. तो जेवला, पुन्हा निजला. देवदूतानें त्याला पुन्हा उठवून जेवूं घातलें. आपणांपैकीं पुष्कळ जण अर्धपोटीं व जागरणें करून सेवा करितात, आणि प्रार्थनेंत मन लागलें नाहीं म्हणजे आपला विश्वासच गेला असें समजतात. आपण मातीचे आहों हें देव विसरत नाहीं; आपण मात्र विसरतों.

२. मनांतील खरें तें देवापुढें बोलावें. त्या अन्नाच्या बळावर एलीया ४० दिवस व ४० रात्री चालून होरेब डोंगरास पोंहचला. याच डोंगरावर पूर्वीं मोशेशीं देव बोलला होता. तेथें गुहेंत असतां, तूं येथें काय करितोस, असें देवानें त्याला विचारिलें. सर्वांनीं देवाचा करार सोडिला, मी एकटाच उरलों, असें गाऱ्हाणें त्यानें मांडिलें. त्याचा हिशेब चुकीचा होता. तरी देवानें त्याला पुरतें बोलूं दिलें. पुढें तोच प्रश्न पुन्हा झाला, आणि एलीयानें तेंच उत्तर पुन्हा दिलें. यास्तव, तेंच दुःख आपण दुसऱ्यांदा देवाकडे नेलें तर लाज वाटूं देऊं नये.

३. मग गप्प राहून ऐकावें. प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नि आला. परंतु परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर मंद, शांत वाणी आली, तेव्हां एलीयानें झग्यानें तोंड झांकिलें. टाळमृदंगाच्या भजनानें व मोठ्या सभांनीं आपल्याला आनंद होतो, आणि तो चांगलाच आहे. पण एका दिवसाच्या जाळावर वर्षभराची भाकर भाजत नाहीं. आपला प्रभु शब्बाथ दिवशीं आपल्या परिपाठाप्रमाणें सभास्थानांत जात असे (लूक ४:१६), आणि पहांटे अंधार असतां एकान्तांतहि जात असे (मार्क १:३५). मंडळीची उपासना व एकान्त हीं एकाच गाडीचीं दोन चाकें होत.

कोणी म्हणेल, आमचें घर एका खोलीचें, तेथें एकान्त कोठला? शेताचा बांध आहे, गांवाबाहेरचें झाड आहे, घर जागें होण्यापूर्वींची घटका आहे. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं रात्रीं मुलाकडून एक वचन वाचून घ्यावें, आणि सकाळीं तेंच मनांत घोळवीत कामाला जावें. पुष्कळ मागूं नये, थोडें ऐकावें.

४. शेवटीं परत फिरावें. देवानें एलीयाला गुहेंत ठेवून घेतलें नाहीं. त्यानें त्याला माघारीं पाठवून काम दिलें, आणि बआलापुढें गुडघे न टेकणारे ७००० जण आहेत हें कळविलें. एकटा उरलों म्हणणाऱ्याला अलीशा भेटला, तो गुहेंत नव्हे, तर १२ जोड्या नांगर चालले होते त्या शेतांत. आपल्यालाहि सोबती मंडळींतच मिळतात.

त्या उपदेशकानें काम सोडिलें नाहीं. दुसऱ्या सकाळीं कांहीं चमत्कार झाला असेंहि नाहीं. आम्हीं ठरविलें कीं, आठवड्यांतून एकदां दोघांनीं एक स्तोत्र सावकाश वाचावें व मुकाट्यानें बसावें. अजूनहि कांहीं आठवडे कोरडे जातात. पण त्या दिवसांत आतां आम्ही एकटे नसतों. आपल्या गांवीं असा थकलेला कोणी असेल, तर त्याला उपदेश करण्यापूर्वीं भाकर वाढा आणि त्याच्याजवळ बसा.

विचारासाठीं प्रश्न
१. देवानें एलीयाला प्रथम अन्न व झोंप कां दिली?
२. आपल्या दिवसांतील कोणती घटका एकान्तासाठीं राखतां येईल?
३. आपल्या मंडळींत मी एकटाच उरलों असें कोणाला वाटत असेल? त्याच्याकडे या आठवड्यांत कोण जाईल?