आरए निगेटिव्ह, पण बोटं सुजलेली

“आरए निगेटिव्ह आलाय, म्हणजे वात नाही ना डॉक्टर?” परळच्या दवाखान्यात हा प्रश्न रोजचाच. उत्तर सोपं आहे: तसं काही नसतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या पाचांपैकी निदान एका रुग्णाचा आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो, आणि ठणठणीत आजोबांचा पॉझिटिव्ह. निदान आधी सांध्यांवरून होतं, मग कागदावरून.

लालबागच्या एका ताईंना सकाळी कणीक मळायला बोटं वळेनात. दहा वाजेपर्यंत हात आखडलेले, मनगटं सुजलेली, पाटल्या साबण लावूनही निघेनात. वर्षापूर्वी हेल्थ पॅकेजमध्ये आरए निगेटिव्ह आला होता, म्हणून घरच्यांनी ‘वयाचं दुखणं’ ठरवून टाकलं. वय किती? अडतीस! मधल्या काळात कुणा बुवांची बिनलेबलची पुडी चालू होती. दुखणं दोन दिवसांत पळालं, चेहरा मात्र गोल होत गेला. अशा पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय मला आधी येतो. ती घेऊ नका, आणि महिनोन्‌महिने घेत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका. डोस हळूहळू उतरवावा लागतो. ताईंची अँटी-सीसीपी तपासणी पॉझिटिव्ह आली, उपचार सुरू झाले, आता हात चालतात. घाबरण्यासारखा आजार नाही हा. वेळ दवडण्यासारखा मात्र नक्कीच नाही.

त्यांच्या मुलानं मोबाइलवर वाचलं होतं, जीन टेस्ट केली की कोणतं इंजेक्शन लागू पडेल ते कळतं. अगदीच खोटं नाही. ‘द लॅन्सेट’मध्ये 2021 साली छापून आलेल्या आरफोरआरए चाचणीत, टीएनएफ-रोधक इंजेक्शनांचा गुण न आलेल्या 164 रुग्णांच्या सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून त्यात कोणती जनुकं जागी आहेत ते वाचलं. ज्यांच्या अस्तरात बी पेशींची खूण कमी होती, त्यांच्यापैकी 63 टक्क्यांना टोसिलिझुमॅब हे औषध लागू पडलं, रिटुक्सिमॅब मात्र 36 टक्क्यांनाच. पण हे सुजलेल्या सांध्यातून कळतं, घरी मागवलेल्या डबीतल्या थुंकीतून नाही! थुंकीत आईवडिलांकडून आलेली जनुकं दिसतात. सांध्यात आज काय पेटलंय ते दिसत नाही. आणि सांध्याची ही तपासणी अजून रोजच्या ओपीडीतली नव्हे. तेव्हा त्या डबीवर पैसे घालवू नका.

एक जनुकीय तपासणी मात्र आजही उपयोगी आहे आणि तीच कुणी मागत नाही. ल्युपस किंवा आतड्याच्या कोलायटिससाठी ॲझाथायोप्रिन सुरू करण्याआधी एनयूडीटी15 तपासता येतं. या जनुकात विशिष्ट बदल असला तर नेहमीच्या डोसनंही पांढऱ्या पेशी कोसळू शकतात, आणि हा बदल आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. डॉक्टरांना जरूर विचारा. तपासणी नॉर्मल आली तरी रक्तपेशी मोजणारा सीबीसी चुकवायचा नाही. शेजारणीला याच गोळीनं बरं वाटलं म्हणून तिच्या पट्टीतली गोळी घेणाऱ्यांना तर मी सरळ ओरडतो.

सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकत असेल, बोटांचे किंवा मनगटाचे सांधे सहा आठवड्यांहून जास्त सुजलेले असतील, तर थांबू नका. केईएममध्ये ऱ्हुमॅटॉलॉजीची ओपीडी आहे. रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी जा. या वातावर मेथोट्रेक्सेट दिलं, तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज नव्हे. गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि ॲझाथायोप्रिन सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, तोंड आलं किंवा ताप चढला, तर तेल बदलत बसू नका. पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सीबीसी करा.