पाहुणा मुंबईत, खोळंबा बिलोलीचा

परदेशातला मोठा नेता मुंबईला किंवा हैदराबादला यायचा असला की त्या शहरातल्या लोकांना आधी कळवले जाते. कुठला रस्ता किती वाजता बंद, कुठून वळून जायचे, गाडी कुठे लावायची नाही, हे वर्तमानपत्रात छापून येते आणि मोबाईलवरही फिरते. ही तयारी शहरात राहणाऱ्यांसाठी असते आणि त्यांच्यापुरती ती बऱ्यापैकी पुरतेही. पण त्याच दिवशी त्याच रस्त्यावर नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या बिलोलीचा माणूसही उभा असतो. त्याच्या हातात परळच्या टाटा रुग्णालयाची किंवा हैदराबादच्या निम्सची फाईल असते, नाहीतर मंत्रालयात अडकलेल्या कामाचा कागद किंवा लेकीच्या मुलाखतीचे पत्र असते. रात्रभर प्रवास करून तो आलेला असतो आणि परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे असते. त्याला कोणी काही कळवलेले नसते. मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. बंदोबस्ताची पारख घरी बसू शकणाऱ्या शहरवासीयावरून करू नये. ज्याचे काम पुढे ढकलता येत नाही आणि ज्याला शहराचे रस्ते ठाऊक नाहीत, त्याच्यावरून ती करावी. आणि व्यवस्था तशी होईपर्यंत आपण तालुक्यातल्या लोकांनी स्वतःची तयारी स्वतः करावी.

वाहतूक पोलिसांची अधिसूचना एकदा नीट वाचून पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ११५ आणि त्यापुढच्या कलमांचा आधार घेऊन ती निघते. अमुक जंक्शनपासून तमुक जंक्शनपर्यंत प्रवेश बंद, अमुक पुलाखालून पर्यायी मार्ग, अशी तिची भाषा असते. जंक्शनांची ती नावे वांद्र्याच्या रिक्षावाल्याला पाठ असतात, धर्माबादहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलेल्या माणसाला त्यातले एकही कळत नाही. शेवटी बहुधा एक ओळ असते : रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून. खरी अडचण याच ओळीत आहे. ही सूट वाहनाला मिळते, गरजवंत माणसाला मिळत नाही. केमोथेरपीसाठी आलेली बाई रुग्णवाहिकेतून येत नाही. दादरला उतरून ती टॅक्सीने येते, बसने येते, नाहीतर नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत चालत येते. नियमाच्या दृष्टीने ती साधी पादचारी असते आणि अडवणारा हवालदारही नियमानेच अडवतो.

अशा दौऱ्यांचा पसारा किती मोठा असतो, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिले आहे. ६ नोव्हेंबर २०१० रोजी बराक ओबामा मुंबईत आले. ताजमहाल हॉटेलात मुक्काम, मणिभवनला भेट, दुसऱ्या दिवशी कुलाब्याची शाळा आणि सेंट झेविअर्स कॉलेज, असा कार्यक्रम होता. पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून मणिभवनच्या परिसरातल्या माडांवरचे नारळसुद्धा आधी उतरवले होते. इतक्या बारकाईने विचार करणारी यंत्रणा रुग्णाचाही विचार करू शकते, म्हणून ही गोष्ट इथे सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर शंभराहून अधिक जणांचे शिष्टमंडळ घेऊन मुंबईत आले. त्या आठवड्यात वांद्रे-कुर्ला संकुलात वाहतुकीवर निर्बंध होते. पासपोर्ट कार्यालय आणि अमेरिकेची वकिलात त्याच भागात आहेत, तेव्हा तिथे बाहेरगावचा माणूस नसतो असा दिवस शोधावाच लागेल. दिल्लीत ९ आणि १० सप्टेंबर २०२३ला जी-२० परिषद झाली तेव्हा ८ ते १० तारखेपर्यंत सरकारी कार्यालये आणि शाळांना सुट्टी होती, आणि उत्तर रेल्वेने दोनशेच्या वर गाड्या रद्द केल्या होत्या. एका शहराच्या बंदोबस्ताची झळ शेकडो मैलांवरच्या फलाटापर्यंत कशी पोचते, याला आणखी पुरावा नको.

ही झळ नुसत्या उशिराची नसते. ३ नोव्हेंबर २००९ रोजी चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात पंतप्रधानांचा कार्यक्रम होता. मूत्रपिंडाच्या आजाराने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाला बंदोबस्तामुळे आत जाता आले नाही आणि तो दगावला. पुढे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दुःख व्यक्त केले. जून २०२१ मध्ये कानपूरला राष्ट्रपतींच्या ताफ्यासाठी वाहतूक थांबवली होती. एका आजारी महिलेला घरचे लोक रुग्णालयात नेत होते, ती त्यात अडकली आणि वाचू शकली नाही. पोलिसांनी माफी मागितली. हे पाहुणे परदेशी नव्हते, आपलेच नेते होते. परदेशी पाहुण्यासाठी बंदोबस्त याहून कडक असू शकतो, हे लक्षात घेतले तर धोका किती वाढतो ते वेगळे सांगायला नको. दोन्ही ठिकाणी खेद मनापासूनचा असेलही. पण खेदाची पाळी यायच्या आधी सूचना पोचायला हवी होती आणि फाटक उघडायला हवे होते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. २६ नोव्हेंबर २००८चा हल्ला मुंबईने सोसला आहे. त्या हल्ल्यात सापडलेल्या ताजमध्येच ओबामा उतरले होते. पाहुण्याच्या जिवाची जोखीम कोणी घेऊ नये, आणि ताफ्याचा मार्ग आधी जाहीर करता येत नाही, हेही मान्य. पण दूरच्या माणसाला मार्ग कळण्याची गरजच नसते. या तीन दिवसांत या भागात यायचे टाळा, रुग्ण असाल तर या फोनवर विचारा, आला असाल तर या फाटकाने या, एवढे त्याला पुरते. दौऱ्याची तारीख बहुतेक वेळा काही दिवस आधी जगजाहीर झालेलीच असते. कागद दाखवून सोडायला लागलो तर खोटे कागद घेऊन कोणीही घुसेल, अशीही शंका काढतात. दिल्लीच्या परिषदेत प्रवाशाला तिकीट दाखवून स्टेशनला जाऊ दिले जात होते आणि वैद्यकीय गरजेला सूट होती. रुग्णवाहिकांच्या मदतीसाठी पोलिसांनी वेगळा फोन ठेवला होता. रुग्णालयाच्या केसपेपरवर क्रमांक असतो आणि तो फोनवर पडताळता येतो. कडक बंदोबस्तात माणुसकीची फट ठेवता येते, हे करून दाखवलेले आहे.

दुसरा आक्षेप असा की एका दिवसाचाच तर प्रश्न आहे, देशाचा मान आहे, गुंतवणूक येते, थोडे सोसावे. पाहुण्याचा मान राखावा यात वाद नाही, आणि मोठ्या सोहळ्याची तयारी गावाला काही देऊन जाते हे नांदेडने २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी पाहिले आहे. पण एक दिवस सगळ्यांना सारखा पडत नाही. पगारदाराला तो सुट्टीचा असतो. रोजंदारीवाल्याची आणि त्याच्या सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडेही पदरचे जाते. रुग्णाची चुकलेली तारीख दुसऱ्या दिवशी मिळेल याची खात्री नसते, त्यासाठी पुन्हा सहाशे किलोमीटरहून अधिक लांबीचा खेटा घालावा लागू शकतो. शिवाय सोसण्याचा वाटा नेहमी त्याच माणसांच्या पदरी येतो. हैदराबादला नोव्हेंबर २०१७ मध्ये जागतिक उद्योजक परिषदेसाठी इव्हांका ट्रम्प येणार होत्या, तेव्हा पोलिसांनी रस्त्यावर भीक मागण्यावर बंदी घालून भिकाऱ्यांना हलवले होते. आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, हे उत्तरही पुरेसे नाही. बंदोबस्ताचा तपशील अनेकदा आदल्या दिवशी निघतो, आणि तोवर आपला माणूस गाडीत बसलेला असतो.

म्हणून माझे सांगणे असे. शहरातली तारीख हातात आली की त्या आठवड्यात तिथे कुणाचा दौरा आहे का, हे बातम्यांत पाहावे किंवा शहरातल्या नातेवाइकाला विचारावे. दौरा असेल तर रुग्णालयाला आधीच फोन करून तारीख सरकते का ते पाहावे, आणि डॉक्टरने नाही म्हटले तर आदल्या दिवशीच पोचावे. दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते, तिथली जागा निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. गाडी वेळेवर आहे की रद्द, हे निघण्याआधी १३९ वर कळते. शहरात शक्यतो लोकलने फिरावे, कारण ताफ्यासाठी रस्ता अडतो तेव्हाही लोकल बहुधा चालू असते. फाईल, ओळखपत्र आणि तारखेची चिठ्ठी पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावी, आणि त्यांच्या झेरॉक्स सोबतच्या माणसाकडे द्याव्यात. अडवले तर वाद घालू नये, तिथल्या अधिकाऱ्याला कागद दाखवून विनंती करावी. प्रकृती बिघडली तर रस्त्यात ताटकळत न बसता १०८ला फोन लावावा, कारण आजच्या नियमात रुग्णवाहिकेला वाट मिळते. औषध दोन दिवसांचे जास्त बांधून घ्यावे.

हे ओझे एकट्या रुग्णावर टाकून मोकळे होता येणार नाही. दौरा ठरला की सूचना साध्या मराठीत बिलोली आगारात, तहसील कचेरीत, ग्रामीण रुग्णालयात आणि धर्माबाद स्टेशनवर लागली पाहिजे. मोठ्या रुग्णालयांनी त्या दिवशीच्या बाहेरगावच्या रुग्णांना स्वतःहून फोन करावेत, त्यांचे नंबर केसपेपरवर असतातच. अधिसूचनेतल्या सवलतीत वाहनांच्या जोडीला केसपेपर असलेला रुग्ण आणि त्याच्यासोबतचा एक माणूस, एवढे शब्द घालावेत. त्याला खर्च लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही. गावात कोणाचे उपचार कुठे चालू आहेत हे आशाताईंना तोंडपाठ असते. दौऱ्याची बातमी आली की ग्रामपंचायतीने त्यांना सोबत घेऊन त्या आठवड्यात कोणाकोणाची तारीख आहे याची यादी करावी आणि प्रत्येक घरी निरोप पोचवावा. हे काम आपल्या हातातले आहे, त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही.