गेटिसबर्गचे हस्तांदोलन

कालचे शत्रू आज एका पंगतीला बसले की समेट झाला, असे आपण म्हणतो. त्या समेटाची किंमत कोणी मोजली, हे सहसा विचारीत नाही. म्हणून या पाठासाठी अमेरिकेचे एक उदाहरण घेऊ.

तेथील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले. दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघाली होती. १८६३ च्या जुलैत पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे तीन दिवस लढाई झाली. मृत, जखमी, कैद व बेपत्ता मिळून दोन्हीकडची हानी सुमारे ५१,००० होती.

पन्नास वर्षांनी, १९१३ साली, त्याच रणभूमीवर दोन्ही बाजूंचे ५०,००० हून अधिक म्हातारे सैनिक तंबूंत एकत्र राहिले. ज्या दगडी कुंपणावर दक्षिणेचे सैनिक चालून गेले होते, त्याच कुंपणावरून ३ जुलैला त्यांनी उत्तरेच्या सैनिकांच्या हातात हात दिले. हे ढोंग नव्हते. एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या माणसांनी वैर टाकले, याची टवाळी कोणी करू नये.

पण तेथे कोण नव्हते, ते पाहा. उत्तरेच्या बाजूने सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले होते. त्यांतले कित्येक कालपर्यंत स्वतः गुलाम होते. मेळावा मात्र जवळजवळ सर्व गोऱ्यांचाच. कृष्णवर्णीय दिसले ते बहुतांशी तंबू उभारताना, ब्लँकेटे वाटताना. ४ जुलैला अध्यक्ष वुड्रो विल्सन बोलले. जुने भांडण विसरले गेले, असा त्यांचा सूर होता. भांडण कशाचे होते, हे त्यांनी सांगितले नाही! आणि त्याच वर्षी त्यांच्या सरकारच्या टपाल व अर्थ खात्यांत कृष्णवर्णीय नोकरांना वेगळे बसविणे सुरू झाले. दक्षिणेत त्यांचा मताचा हक्क तर १८९० पासूनच कायदे करून हिरावला जात होता.

गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८७८ मध्येच न्यूयॉर्कच्या भाषणात बजावले होते की, वैर पेटवू नका, पण त्या युद्धात एक बाजू न्यायाची व दुसरी अन्यायाची होती, हेही विसरू नका. वैर सोडणे व अन्याय विसरणे यांतील हा भेद नीट ध्यानात घ्या.

मेळाव्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच जुलैत, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले. पुढे १९४६ साली त्यांनी डु बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या.

दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मत प्रत्यक्षात देता येऊ लागले, ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर. तोवर हातात हात घेतलेल्या त्या म्हाताऱ्यांपैकी एकही जिवंत उरला नव्हता.