मुंग्या, अंधूक नजर आणि न सापडणारं निदान

प्रश्न : वय ३४. वर्षभर पायांना मुंग्या येतात. मध्यंतरी एका डोळ्याने आठवडाभर अंधूक दिसलं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असेल का?

उत्तर : डोळ्याची तक्रार मला महत्त्वाची वाटते. मेंदूचा एमआरआय नॉर्मल असला, तरी मज्जारज्जूचा आणि डोळ्यांच्या नसांचा एमआरआय करायला हवा. बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्तातली पातळी पाहा. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते आणि मुंग्या तिच्यामुळेही येतात. ॲक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडीही तपासून घ्या. या अँटिबॉडींमुळे होणाऱ्या आजारांचे उपचार एमएसपेक्षा वेगळे आहेत. एमएसच्या काही औषधांनी ॲक्वापोरिनचा आजार उलट बळावतो. ‘टेन्शनमुळे होतंय’ एवढ्यावर गप्प बसू नका, न्यूरॉलॉजिस्टना भेटा. पुन्हा नजर मंदावली, पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.