कुत्रे पाळावे, पण जमाखर्च मांडून

घरात कुत्र्याचे पिल्लू येते ते बहुधा हौसेपोटी किंवा राखणीच्या गरजेपोटी. शेजाऱ्याने ते फुकट दिले असेल, तर त्यापायी काही खर्च होणार आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक पिल्लाची किंमत हा त्याच्यावरील एकूण खर्चाचा फार लहान भाग होय. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते तेरा वर्षांचे असते. बैलजोडी घेताना शेतकरी वैरण, पेंड व औषधपाणी यांचा विचार आधी करतो. कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब क्वचितच मांडला जातो, आणि त्याचे परिणाम कुटुंबाला, मुक्या जनावराला व अखेरीस साऱ्या गावाला भोगावे लागतात.

खर्चाचे तीन भाग

या खर्चाची विभागणी एकरकमी, आवर्ती व आकस्मिक अशा तीन भागांत करता येते.

पट्टा, साखळी, भांडी, निवारा, पिल्लाच्या सुरुवातीच्या लसी आणि नसबंदीची शस्त्रक्रिया हा एकरकमी खर्च. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले, की डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांविरुद्ध लसीकरण सुरू होते आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा द्याव्या लागतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीज प्रतिबंधक लस टोचली जाते.

रोजचा आहार, ठरावीक काळाने द्यावयाचे जंतनाशक औषध, गोचीड व पिसवा यांचा बंदोबस्त आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने होणारे पुढील लसीकरण हा आवर्ती खर्च होय. तो कुत्र्याच्या अखेरपर्यंत चालतो.

अपघात, विषबाधा व दीर्घ आजार यांचा खर्च आकस्मिक असतो. सात-आठ वर्षांनंतर दात, सांधे व डोळे यांच्या तक्रारी वाढत जातात. हा खर्च केव्हा येईल हे सांगता येत नसले, तरी तो येणार हे गृहीत धरणेच शहाणपणाचे.

एक नमुना हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावचे दर घालून हिशेब मांडावा. समजा, मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या आहारास रोज ४० रुपये लागतात. वर्षाचे १४,६०० रुपये झाले. लसी व औषधे यांसाठी ३,००० रुपये, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त व स्वच्छता यांसाठी १,४०० रुपये आणि आकस्मिक निधी म्हणून दरमहा २५० प्रमाणे ३,००० रुपये धरले, तर वार्षिक खर्च २२,००० रुपये होतो. बारा वर्षांत ही रक्कम २,६४,००० रुपयांवर जाते. आरंभीचा एकरकमी खर्च ६,००० रुपये मिळवल्यास एकूण २,७०,००० रुपये होतात. पिल्लू फुकट मिळाले होते, तरीही!

दरमहा सुमारे १,८०० रुपये बाजूला काढणे शक्य आहे काय, हा प्रश्न कुटुंबाने पिल्लू आणण्यापूर्वी स्वतःस विचारावा. सर्वजण गावी गेले असता जनावराकडे कोण पाहणार, याचाही विचार त्याच वेळी व्हावा. कारण वेळ हाही खर्चच आहे.

न केलेला खर्च कोण भरतो?

हिशेब न करता आणलेले कुत्रे आजारी पडले किंवा जड वाटू लागले, की गावाबाहेर सोडून दिले जाते. नसबंदी न केलेली मादी वर्षातून दोनदाही विऊ शकते. मालकाने वाचविलेला शस्त्रक्रियेचा खर्च अशा रीतीने मोकाट कुत्र्यांच्या वाढीच्या रूपाने गावावर पडतो.

लसीची टाळाटाळ याहून घातक आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. लसीच्या मात्रांसाठी चार ते पाच फेऱ्या होतात. मजुरी करणाऱ्या कुटुंबाचा तितक्या दिवसांचा रोजगार बुडतो. एका जनावराला वेळेवर लस टोचण्याचा खर्च यापुढे नगण्य आहे.

कायद्याची भूमिका

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार पाळीव प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच उपासमार होईल अशा स्थितीत त्याला वाऱ्यावर सोडणे हा अपराध आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व नसबंदी यांची जबाबदारी मालकावर, तर मोकाट कुत्र्यांबाबतची जबाबदारी स्थानिक संस्थेवर ठेवली आहे. पिंजऱ्यातील पोपटाला खर्च कमी, असे मानणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की आपल्याकडील रानपोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मनाई आहे.

काटकसर कोठे करावी?

काटकसर जातीच्या निवडीत करावी. दाट केसांच्या, थंड प्रदेशातील जातींना आपल्या उन्हाळ्यात गारव्याची विशेष सोय करावी लागते. गावठी कुत्री अथवा दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्री या हवामानास सरावलेली असतात. पशुवैद्यकाला विचारून घरचा आहारही देता येतो. मात्र कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्यास अपायकारक ठरतात. उपचारांसाठी जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा लाभ घ्यावा. लस व नसबंदी यांत मात्र काटकसर करू नये.

शिक्षकांना हा हिशेब गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांकडून स्थानिक दरांनी मांडून घेता येईल. ग्रामपंचायतीने गावातील पाळीव कुत्र्यांची व त्यांच्या लसीकरणाच्या तारखांची नोंदवही ठेवावी, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून एकदा लसीकरणाचा दिवस ठरवावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्यासाठी सोयीचा आहे. ज्यांना हा भार पेलणार नाही, त्यांनी पिल्लू न आणण्याचा निर्णय घेतला, तर तोही प्राण्यावरील दयेचाच एक प्रकार समजला पाहिजे.