शब्द तोच, अर्थ निराळा

कार्ले, भाजे व बेडसे ही नावे मावळातील प्रत्येक मुलास ठाऊक आहेत. डोंगर कोरून केलेल्या तेथील विहारांस आम्ही लेणी म्हणतो आणि अंगावरील दागिन्यासही लेणेच म्हणतो. अक्षरे तीच, पण कुळे दोन! गुहेचे लेणे संस्कृत ‘लयन’ शब्दापासून आले. दागिन्याचे लेणे ‘अंगावर धारण करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून. एका भाषेत जर असे घडते, तर अनेक भाषांत किती घडत असेल!

लोणावळ्यास हा विचार विशेष अगत्याचा आहे. १८६३ साली भोर घाटातून आगगाडी सुरू झाली आणि १९४५ साली नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था येथे आली. त्यामुळे नाना प्रांतांतील कुटुंबे या गावी राहतात व मराठी आणि हिंदी घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी. म्हणून जे वाचता आले ते समजलेच, असा भ्रम सहज होतो.

‘शिक्षा’ हाच शब्द घ्या. संस्कृतात ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे. वेदांच्या सहा अंगांपैकी उच्चारशास्त्रास शिक्षा म्हणतात. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र दंड. २००१ च्या सुमारास देशभर सुरू झालेले ‘सर्व शिक्षा अभियान’ हे नाव वाचून मराठी मुलांस हसू आले असल्यास नवल नाही. पण मराठीनेही जुने नाते अगदीच तोडलेले नाही. ‘तुला चांगला धडा शिकवीन’ असे आपण रागाने म्हणतो, तेव्हा शिकविणे आणि दंड करणे एकत्र येतातच ना?

‘चेष्टा’ म्हणजे संस्कृतात शरीराची हालचाल, हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदी घरातील मुलगा ‘चेष्टा करूँगा’ म्हणाला, तर तो मनापासून झटण्याचे वचन देत असतो. ऐकणाऱ्याने ते मराठीत घेतले, तर विनाकारण मने दुखावतात.

मोठ्यांनाही सावधगिरी हवीच. ‘राजीनामा’ हा फारसी शब्द. अर्थ, राजीखुशीने लिहिलेला कागद. मराठीत तो नोकरी सोडण्याचा अर्ज; आपल्याकडील जुन्या महसुली दप्तरांत जमिनीचा हक्क सोडल्याचा लेख; पण हिंदी प्रांतांतील कचेऱ्यांत दोन्ही पक्षांनी केलेल्या तडजोडीचा लेख. एक कागद हक्क सोडतो, दुसरा भांडण मिटवितो. अर्थ न विचारता सही करणाऱ्याचे केवढे नुकसान!

हा प्रकार केवळ आपल्याच देशात आहे असे नव्हे. जी, आय, एफ, टी या चार अक्षरांचा शब्द इंग्रजीत भेटवस्तू दर्शवितो, जर्मनमध्ये विष, आणि स्वीडिशमध्ये विष व विवाहित असे दोन्ही! या सर्वांचे मूळ ‘देणे’ या एकाच धातूत आहे. दिलेली देणगी, दिलेली मात्रा आणि दिलेली कन्या अशा तीन वाटांनी एक शब्द निघाला.

तात्पर्य, अर्थ अक्षरांत कोरलेला नसतो. बोलणाऱ्या समाजाच्या व्यवहारात तो घडतो. म्हणून विद्यार्थ्यांनी असे शब्द आढळताच वहीत टिपावे व शेजारच्या बाकावरील मित्रास विचारावे, “तुमच्या घरी याचा अर्थ काय?” पालकांनीही या कामी मुलांस साहाय्य करावे. दुसऱ्याच्या भाषेस हसण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर कोशाबरोबर स्नेहही वाढेल.